राजाच्या हातावरचे पाणी

सर पेरेग्रिन हॅसलडीनने तो पलंग घडवून घेतला. त्याचा मुलगा सर ऑगस्टस याने त्या पलंगावर रोज संध्याकाळी धुतलेल्या चादरी अंथरायला लावल्या आणि रोज सकाळी न चुरगळलेल्या तशाच काढायला लावल्या. ऑगस्टसचा मुलगा सर डिग्बी याने पलंगाच्या खोलीचे छत शाबूत राखण्यापायी उरलेल्या घराचे छत गळू दिले. आणि डिग्बीची थोरली मुलगी ऑक्टेविया हिने वडिलांचे दफन उरकून घरी आल्याबरोबर पहिली आज्ञा केली, ती त्या चादरींची पोतेरी करण्याची.

पलंगामागची हकीकत स्केलथॉर्प हॉलमधल्या प्रत्येक मुलाला प्रार्थनेच्या आधी शिकवली जाई. त्या काळचा राजा लिंकनशरमध्ये शिकारीला आला असता त्याचा घोडा उधळला आणि पेरेग्रिनने उडी घालून लगाम धरला. जीव वाचल्याच्या आनंदात राजाने त्याला स्केलथॉर्पचे घर आणि जमीन दिली. मात्र जुन्या राजांचा थाट मिरवण्याची हौस असल्यामुळे एक अटही घातली. आपण मुक्कामाला येऊ, तेव्हा पहिल्या सकाळी घरच्या कर्त्याने राजाच्या हातांवर स्वतः पाणी घालावे. ते पाणी पडेपर्यंत सारे उसने. पडले, की कायमचे हॅसलडीनांचे.

राजा आला नाही. त्याच्यामागून गादीवर बसलेल्यांपैकीही कोणी आले नाही. शेजारच्या तालेवारांकडे जाताना त्यांच्या गाड्या स्केलथॉर्पच्या फाटकावरून धुरळा उडवीत गेल्या, आणि तीन पिढ्यांचे कर्ते पुरुष चांदीची झारी पुसून, हात धुण्याचे तस्त लखलखीत करून, खिडकीशी उभे राहून म्हातारे झाले.

बोलावल्या घरी न येणारा माणूस अशिष्ट, मग त्याच्या डोक्यावर मुकुट असो की टोपली, असे ऑक्टेवियाचे स्वच्छ मत होते. वाट पाहणाऱ्यांविषयी तर तिचे मत याहून वाईट होते. पण एक सल तिला होता. मरणाच्या दिवशी सर डिग्बीने तिचा हात धरला नाही, राजाच्या खोलीत शेकोटी पेटवली का, एवढेच विचारले, आणि म्हटले, "घर उसनं आहे, ऑक्टेविया." दोन महायुद्धांत तिने हे घर एकटीने सांभाळले होते. भाऊ पहिल्यात गेला, स्वयंपाकीण सोडून सारे नोकर दुसऱ्यात गेले. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला या जगाकडून एकच गोष्ट हवी होती: मरायचे ते स्वतःच्या घरात, उसन्या नव्हे.

घर टिकवण्यासाठी तिने ते रविवारी लोकांना दाखवायला काढले होते. बसगाड्या भरभरून माणसे येत. गुडघे उघडे टाकलेले पुरुष, प्लास्टिकच्या चपला घातलेल्या बायका, आइस्क्रीमने बरबटलेली मुले. ऑक्टेविया जिन्याच्या वरच्या टोकाला, आजोबांच्या तसबिरीखाली, काठीवर दोन्ही हात ठेवून बसे आणि त्यांच्याकडे पाही. लोकांना वाटे, म्हातारी स्वागताला बसली आहे.

राजाची खोली तिने मुद्दाम सर्वांत आधी उघडली होती. ज्यांची वाट पाहण्यात घराणे झिजले त्यांच्या पलंगाकडे आता लिंकनचे खाटीक आणि ग्रिम्सबीचे मासळीवाले तोंड वासून बघतात, यात तिला एक कडवट समाधान मिळे.

जूनमधल्या एका रविवारी त्या खोलीतून एक लठ्ठ गृहस्थ उलटा चालत बाहेर आला.

त्याच्या एका हातात वितळणारे आइस्क्रीम होते, दुसऱ्यात टोपी. आत जाताना टोपी डोक्यावर होती. तो पावले मोजून मागे मागे येत होता, मान किंचित खाली. दाराचा उंबरा ओलांडल्यावर तो सरळ वळला, टोपी घातली आणि बायकोला चहा कुठे मिळतो ते विचारू लागला. आता या लोकांना धड चालताही येत नाही, असे ऑक्टेवियाच्या मनात आले.

पुढच्या रविवारी एक संपूर्ण कुटुंब तसेच बाहेर आले. आई, वडील, आजी आणि कडेवरचे पोर. एकमेकांना न धडकता, शिकवल्यासारखी, उलट पावली. पोराने रडणे थांबवले होते. उंबऱ्याबाहेर पडताच ते पुन्हा भोकाड पसरून रडू लागले.

राजासमोरून जाताना त्याला पाठ दाखवायची नाही, हे ऑक्टेवियाला ठाऊक होते. तिच्या आईने तिला लहानपणी झग्याचा घोळ मागे सावरीत उलटे चालायला शिकवले होते, रिकाम्या खुर्चीसमोर. या लोकांना ते कोणी शिकवलेले असणे शक्य नव्हते.

खोली दाखवायला गॅड्स्बी नावाचे एक निवृत्त भूगोल मास्तर उभे राहत. तिने त्यांना बोलावून, तुम्ही लोकांकडून ही नाटके करवून घेता काय, असे विचारले. गॅड्स्बी दुखावले. कोणी उलटे चालताना आपण पाहिलेले नाही, असे त्यांनी सांगितले, आणि उन्हाचा तुम्हांला त्रास होत असेल, असेही सुचवले. मग ते आपल्या जागी गेले. संध्याकाळी फाटक बंद झाल्यावर ते खोलीतून बाहेर आले, तेव्हा ऑक्टेवियाला प्रथम त्यांची वाकलेली पाठ दिसली, मग टक्कल. उंबऱ्याशी थांबून त्यांनी आत कोणाला तरी मान लववली. वळून तिला म्हणाले, "सगळं आटोपलं, बाईसाहेब. येतो मी."

तिने दार लोटून आत पाहिले. पलंग, त्याभोवती बांधलेली मखमली दोरी, बंद शेकोटी. ओल्या चामड्याचा आणि घामेजलेल्या घोड्याचा वास होता. स्केलथॉर्पमध्ये पंचवीस वर्षांत घोडा नव्हता.

गादीची एक बाजू दबली होती.

तिने दोरी ओलांडून गादी काठीने उचकटून सारखी केली आणि निघून आली. तिचा म्हातारा स्पॅनियल कुत्रा ब्रॅम्बल तिच्याबरोबर आत आला होता. तो मात्र मागे मागे सरकत, पोट जमिनीला घाशीत बाहेर पडला. कुत्र्याला तर कोणी शिष्टाचार शिकवीत नाही.

मग पिअर्स आला. मेलेल्या भावाचा मुलगा, लंडनमध्ये जाहिरातींच्या धंद्यात. दर महिन्याला एकदा येऊन तो भरपेट जेवी आणि घर जुन्या वास्तू जतन करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकण्याचा आग्रह करी.

"आत्या, त्यांनी तुला वरच्या तीन खोल्या देऊ केल्यात. मरेपर्यंत."

"माझ्याच घरात मला खोल्या देणारे ते कोण?"

"तुझं घर?" पिअर्स हसला आणि बटाटा मोडू लागला. "माझ्या आजोबांना विचारायला हवं होतंस. ते काय म्हणायचे? तांब्याभर पाण्याचं देणं आहे ना अजून? दिलंच नाही आपण कधी."

"घेणारा फिरकला नाही. देणाऱ्यांचा काय दोष?"

"मग उसन्या घरासाठी एवढं कशाला भांडतेस?"

जेवण आटोपले. नंतर पिअर्स मापाची टेप घेऊन राजाच्या खोलीत गेला. संस्थेला तिथे काचेची भिंत घालायची होती. ऑक्टेविया जिन्याच्या टोकाशी जाऊन बसली. बराच वेळ आतून काही ऐकू आले नाही.

पिअर्स बाहेर आला तो उलटा. टेप त्याने पाठीमागे लपवली होती. आयुष्यात कोणासाठी खुर्चीतून न उठलेल्या त्या माणसाने उंबऱ्यावर गुडघा वाकवला, इतका व्यवस्थित, की तिला क्षणभर भावाची आठवण झाली.

"माप घेतलंस?" तिने विचारले.

"कसलं माप? त्यांना विचारल्याशिवाय कसं घ्यायचं, आत्या?"

"कोणाला विचारल्याशिवाय?"

पिअर्सने तिच्याकडे पाहिले. मग हातातल्या टेपकडे पाहिले. डोके दुखते आहे, असे म्हणून तो चहा न घेता मोटारीत बसला आणि गेला.

त्या रात्री ऑक्टेवियाला झोप लागली नाही, आणि त्याचा तिला संताप आला. आजवर घरातल्या माणसांनी तिचे ऐकले होते. आता कुत्रा, मास्तर आणि भाचा दुसऱ्याच कोणाचे ऐकत होते. घर पायाखालून कोणी हळूहळू ओढून घेत असावे तसे तिला वाटत होते. आणि हॅसलडीनांच्या पायाखालून काही काढून घ्यायचा अधिकार जगात एकालाच होता.

सकाळी ती स्वयंपाकघरात उतरली. मिसेस प्लॅस्केट शेगडीपाशी उभी होती. तीस वर्षे घरात असलेली ही बाई राजापासून पाळकापर्यंत कोणाचीही टिंगल सोडीत नसे. आज तिने केस चापूनचोपून बसवले होते, पांढरा एप्रन नवा होता. मेजावर सर डिग्बीची चांदीची झारी आणि तस्त घासून ठेवले होते, शेजारी घडी केलेला टॉवेल.

"पाणी कोमट केलंय, बाईसाहेब," ती कुजबुजली. "उठलेत ते. पण हे मी नेणं बरं नाही दिसायचं."

"कोण उठलेत, प्लॅस्केट?"

मिसेस प्लॅस्केटने आपल्या हाताकडे पाहिले. किटली हातात कशी आली, हे तिला कळेना. "अगं बाई," ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा टाकायचा सोडून मी हे काय करतेय?"

ऑक्टेवियाने तिला बसायला सांगितले. मग झारी स्वतः उचलली. जड होती. तस्त काखेत धरले, टॉवेल मनगटावर टाकला, आणि काठी तिथेच सोडली.

जिना चढताना तिने घराण्यातल्या तिन्ही पुरुषांच्या तसबिरींकडे पाहिले नाही.

खोलीचे दार उघडे होते. पडदे कोणीतरी बाजूला सारले होते. उन्हात पलंगाची गादी दबलेली दिसत होती, आता काठाशी, जणू कोणी पाय खाली सोडून बसले होते.

मखमली दोरी जमिनीवर पडली होती.

ऑक्टेविया पलंगाशी गेली. तिने गुडघा वाकवला नाही, मान लववली नाही. राजाने बोलण्याआधी बोलायचे नसते. ती बोलली.

"फार उशीर केलात. माझ्या माणसांची आयुष्यं गेली तुमच्या वाटेकडे डोळे लावून. मला तुमच्याबद्दल काडीचा आदर नाही. पण देणं ते देणं. हात पुढे करा."

घोड्याचा वास जवळ आला.

तिने तस्त काठाखाली धरले आणि झारी कलती केली. पाणी पडू लागले.

आवाज झाला नाही.

ती ओतत राहिली. हॅसलडीनांनी आजवर कोणाचे देणे अर्धे दिले नव्हते. झारीतून शेवटचा थेंब निघाला तेव्हा तिने तस्तात पाहिले.

तस्त कोरडे होते. गालिचाही कोरडा होता.

तिने टॉवेल टाकलेले मनगट पुढे केले आणि तोंड खिडकीकडे वळवले. खाली पोस्टमनची सायकल फाटकातून आत येत होती. ब्रॅम्बल तिच्यावर भुंकत होता. मनगटावरचे वजन नाहीसे झाले. काही वेळाने पुन्हा आले.

"फिटलं," ऑक्टेविया म्हणाली. "आता घर माझं."

कोणी नाही म्हटले नाही.

तिने पाठ फिरवली, मुद्दाम, पूर्ण पाठ, आणि सरळ चालत बाहेर आली. दार तिने ओढून घेतले. जिन्याच्या टोकाशी आल्यावर हात मोकळा करावा म्हणून तिने टॉवेल कठड्यावर टाकला.

तो चिंब ओला होता, आणि अजून कोमट.