निघोज्याची फुसफुस

"बंदूक नाही, मार्कर म्हणतात त्याला," निरंजन म्हणाला आणि अरुंधतीबाईंच्या पुनावळ्यातल्या फ्लॅटभर त्याने अशी नजर फिरवली, जशी लोक दुसऱ्याच्या डब्यातल्या भाजीवर फिरवतात.

अरुंधतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. विमा कंपनीसाठी कारखान्यांतल्या आगी तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेत.

"रंगाचे गोळे उडवते ना? मग बंदूक. पुढे बोला."

कोपऱ्यात बसलेल्या प्रभाकररावांना हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात लपवलं. ते शेजारचे, निवृत्त ग्रंथपाल. बाईंच्या सोबत हिंडायचं आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, एवढंच आपलं काम, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं.

पुढची हकिगत वर्षालीने सांगितली. निघोज्याजवळचं पेंटबॉलचं मैदान तिचं. त्याच दिवशी, रविवारी सकाळी, तिथे कंपन्यांच्या संघांची अंतिम लढत होती. निरंजन एका संघाचा कप्तान. त्याच्या बंदुकीत गुरुवारी नवा बोल्ट बसवला होता. बोल्ट म्हणजे आत पुढेमागे सरकणारा दांडा. त्यावरच्या रबरी रिंगा हवा अडवून धरतात. रिवाजाप्रमाणे शनिवारी संध्याकाळी सगळ्या बंदुका साबणाच्या फेसाने तपासल्या. कुठेही बुडबुडा आला नाही. मग त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. रविवारी ऐन सामन्यात निरंजनच्या बंदुकीतून हवा गळायला लागली आणि त्याचा संघ हरला.

"गळायला लागली नाही, गळवली," निरंजनने पुडी उघडली. "ही बघा रिंग. ब्लेडने कापलेली. बोल्ट बसवणारा मैदानावरचा मेकॅनिक ज्योतीराम. कपाटाची चावी ज्योतीरामकडे. शनिवारी मी त्याला सगळ्यांसमोर पंक्चरवाला म्हणालो, त्याचा हा सूड. येत्या गुरुवारी मी पोलीस चौकीत जाणार."

"तक्रार झाली तर त्याला चाकणच्या एकाही कंपनीच्या गेटमधून आत घेणार नाहीत, ताई," वर्षाली म्हणाली. "पोरंबाळं आहेत त्याला. खरं काय ते मला आधी कळायला हवं."

अरुंधतीबाईंनी रिंग भिंगाखाली धरली. काप आरपार, सरळ, कुठेही ताण किंवा फाट नाही. मग त्यांनी निरंजनने सोबत आणलेली बंदूक उघडायला लावली. आत पिवळसर ग्रीस थापलेलं होतं. बोल्टवरची दुसरी रिंग शाबूत होती, पण आपल्या खाचेतून ती जाडजूड होऊन वर आली होती.

"तुम्ही काय करता?"

"क्वालिटी मॅनेजर. आमच्याकडे ब्रेकचे रबरी पार्ट बनतात," निरंजनची मान ताठ झाली. "वर्षानुवर्षं ब्रेक ऑइलमध्ये बुडून राहतात, केसभर फरक पडत नाही. असल्या चिनी रिंगांसारखे नाहीत."

"या रिंगा कुणाच्या?"

"ज्योतीरामच्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मैदानाच्या शेडमध्ये ज्योतीराम भेटला. दाढी वाढलेली, कपाळाला आठ्या. मूळचा लातूरकडचा. तो बाईंना या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

"मी कशाला कापू? माझं पोट हाय त्याच्यावर. तुमाला वाटत असंल तर घाला की बेड्या."

"ग्रीस कुठलं वापरतोस?"

त्याने ट्यूब समोर आपटली. आतलं ग्रीस पाण्यासारखं पारदर्शक. शेजारी रिंगांचा डबा होता. बाईंनी दोन्हींतलं थोडंथोडं मागून घेतलं.

"साहेबाची बंदूक नंतर उघडली होतीस?"

"न्हाई. गुरुवारी दिली, शनिवारी फेस लावून बघितली, झालं. ते साहेब माझ्या हातचं पाणी बी पित न्हाईत, बंदूक कशाला उघडू देतील?"

बाहेर येताच प्रभाकरराव कुजबुजले, "उर्मट आहे हो. मला तर हाच वाटतो."

"तुम्हाला माणसाची दाढी दिसते, प्रभाकरराव. ग्रीसचा रंग दिसत नाही."

निरंजनच्या संघातला स्वानंद कँटीनमध्ये वडापाव खात होता. कप्तानपद त्यालाही हवं होतं, हे तो लपवत नव्हता.

"निरंजन हरला याचं मला दुःख नाही, मॅडम. पण त्याच्याबरोबर मीही हरलो ना राव! पहिला डाव त्याने झकास मारला. दुसऱ्यात बोल्ट अडखळायला लागला आणि मग एकदम फुस्स. तो तडक गाडीत जाऊन बसला, काच वर, एसी चालू. बाहेर आला तो कापलेली रिंग नाचवत."

"गाडीत सोबत कोण होतं?"

"कुणी नाही. आम्ही त्याच्या गाडीत बसलो तर सीट मळते म्हणे."

"रिंगा ज्योतीरामच्याच होत्या ना?"

"छे हो! शुक्रवारी याने आम्हा सगळ्यांना आपल्या कंपनीच्या रिंगा वाटल्या. स्वतःही बसवल्या. म्हणाला, त्या पंक्चरवाल्याचा कचरा काढून फेका. दोघांनी बसवल्या, वर ज्योतीरामचंच ग्रीस लावलं. त्यांच्या बंदुका व्यवस्थित चालल्या. मी आळशी, माझ्या अजून खिशातच आहेत."

त्या रिंगा बाईंनी मागून घेतल्या.

"म्हणजे रिंगांचा दोष नाही," रिक्षात प्रभाकरराव म्हणाले. ते हिरमुसले होते.

"बुधवारपर्यंत विचार करा. आणि वाटेत स्पेअर पार्टच्या दुकानातून बेअरिंगचं पिवळं ग्रीस घ्या. तुमच्या घरच्या तीन वाट्या लागतील. चटणीच्या चालतील."

बुधवारी संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. निरंजन घड्याळात बघत आला. ज्योतीराम दाराशी उभा राहिला, जणू हाकलायच्या आधीच निघालेला. टेबलावर निरंजनची बंदूक आणि तीन वाट्या होत्या.

"दोन दिवस या वाट्या माझ्या गच्चीवर उन्हात होत्या," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पहिलीत ज्योतीरामची रिंग आणि पिवळं ग्रीस. काही झालं नाही. दुसरीत निरंजनची रिंग आणि ज्योतीरामचं ग्रीस. काही झालं नाही. तिसरीत निरंजनची रिंग आणि पिवळं ग्रीस. बघा."

तिसरी रिंग फुगून भिजल्या शेवेसारखी झाली होती.

"ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलला दाद देत नाही. पण पेट्रोलियमचं साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. तुमच्याच कारखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असणार. दिवसातून चार वेळा तुम्ही त्याखालून जात असाल."

निरंजन हसला. "मग त्यानेच लावलं असेल पिवळं ग्रीस!"

"तुमच्या रिंगा आत आहेत हेच त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही तर माझ्यासमोर त्या त्याच्याच म्हणून सांगितल्या. गुरुवारी त्याने आपल्या रिंगा आणि आपलं ग्रीस लावून बंदूक दिली. शुक्रवारी तुम्ही ती उघडली, रिंगा बदलल्या. त्याचं ग्रीस हाताला लावणंसुद्धा तुम्हाला कमीपणाचं वाटलं, म्हणून तुम्ही हे पिवळं थापलं. दुसऱ्या दोघांनी ते वापरलं, म्हणून ते वाचले."

"आणि काप? तो काय आपोआप झाला?"

"त्या कापानेच तुम्हाला पकडून दिलं. आरपार कापलेल्या रिंगेवर एक गोळाही धड सुटत नाही. तुम्ही अख्खा डाव मारला. अर्धी कापलेली रिंग पुढे तुटली म्हणाल, तर टोकाला फाट दिसली असती. काप सरळ आहे. म्हणजे हवा सुटली तेव्हा रिंग फुगलेली होती, पण अखंड होती. त्यानंतर बंदूक एकाच माणसाने उघडली, स्वतःच्या गाडीत, काच वर करून. फुगलेली रिंग हातात आली आणि तुम्हाला कळलं, की कंपनीत हे पसरलं तर क्वालिटी मॅनेजरला स्वतःच्या मालाचं ज्ञान नाही म्हणून शिपाईसुद्धा हसेल. त्यापेक्षा लातूरचा एक माणूस रस्त्यावर आलेला परवडला."

स्वानंद छताकडे बघत हसू दाबत होता.

"एका रिंगेसाठी एवढा तमाशा," निरंजन पुटपुटला.

"तमाशा कसला? तमाशाला अक्कल लागते."

वर्षाली दाराकडे वळली. "ज्योतीराम, उद्यापासून नेहमीसारखा ये. आणि निरंजन, तुम्ही त्याची माफी मागा. मग मैदानावर पाय ठेवू नका."

ज्योतीरामने माफीची वाटही पाहिली नाही. तो टेबलापाशी आला, बंदूक उघडली, आतलं पिवळं ग्रीस फडक्याने निपटून काढलं. आपल्या डब्यातल्या रिंगा काढून त्याने बोल्टवर चढवल्या, पारदर्शक ग्रीसचा हात फिरवला आणि हवेची टाकी लावली.

सगळ्यांनी कान दिले. प्रभाकरराव तर श्वास रोखून वाकले होते.

बंदूक गप्प होती.

"घ्या साहेब," ज्योतीरामने ती निरंजनच्या हातात दिली. "पंक्चर काढलंय."