मधे ट्रान्सफॉर्मर नको

कॉम्प्युटरवरच्या खेळात पाऊस आला आणि टेकडीपलीकडे धडामदिशी काहीतरी उडालं.

चारुता तेव्हा आपल्या पवनचक्कीच्या माथ्यावर तार जोडत होती. हातातलं काम तसंच टाकून तिनं धावत टेकडी ओलांडली. पलीकडे एक नवंकोरं कौलारू घर उभं होतं. त्याची पडवी मात्र गेली होती. तिथे नुसता खड्डा होता, आणि खड्ड्याच्या काठावर हिरव्या सदऱ्यातलं एक चौकोनी बाहुलं गोंधळून गोल गोल फिरत होतं.

“माफ करा हं…” माइकवरून एका तरुणाचा आवाज आला. “तुमचं काही नुकसान नाही ना झालं?”

“माझं नाही. यंत्र कुठे ठेवलं होतं?”

“पडवीत.”

चारुता हसत सुटली. तिचं हसणं म्हणजे शिरोड्याच्या बाजारात ऐकू जाणारं हसणं, तिथे माइकचं काय!

“खंयचो रे तू?” तिनं सरळ मालवणीतच विचारलं.

पलीकडची पुस्तकी मराठी तिथेच संपली. मग… “तुका कसा कळला?”

“घाटावरचो माणूस यंत्र खोलीत ठेवता. दळणाचा घिरट पडवीत ठेवणारो आपलोच.”

“मी रेडीचो. सर्वेश.”

“मी शिरोड्याची. आणि तू यंत्रात काय दळी होतंस ता सांगू? लोखंडाचा खनिज.”

“ता गो कसा कळला?”

“मेल्या, रेडीक खनिजाच्यो खाणी, थयचो माणूस दुसरा काय दळतलो?”

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मूळ खेळ ठोकळ्यांचा. ठोकळे फोडायचे, रचायचे, हवं ते उभारायचं. पण कुणी हौशी लोकांनी त्याला वीज जोडली. या जोडकामाला मॉड म्हणतात. आता तुम्ही पवनचक्की फिरवता, कोळसा जाळता, तारा ओढता आणि यंत्रं चालवता. ही वीज मोठी मानी आहे. बारीक तारेत जास्त व्होल्टेज सोडलं तर तार वितळते. छोट्या यंत्राला मोठं व्होल्टेज दिलं तर यंत्र उडतं. आणि यंत्राच्या शेजारच्या ठोकळ्यात पाऊस पडत असला तरी यंत्र उडतं. वर कौलं आहेत का, पडवी किती रुंद आहे, याची त्या मॉडला काही पडलेली नसते.

“मॉड बनवणाऱ्यान पडवी बघूक नाय कधी,” चारुता म्हणाली. “पयल्या पावसात माझा पण असाच उडालला. चार बाजूंनी भिंती घाल. करतंस काय तू?”

“शाळेत भूगोल शिकवतंय.”

“म्हणजे पोरांका पाऊस शिकवतंस… आणि स्वतः पावसात उडतंस?”

त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव गुरुजी ठेवलं.

चारुताचं दुकान शिरोड्याच्या बाजारात होतं. दुकान वडिलांचं, सत्यवानांचं, पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं बांधायचं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ती आली, वडिलांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि हळूहळू स्टूल तिचं कधी झालं आणि वडील कधी दारातल्या खुर्चीत पेपर वाचायला बसले, ते दोघांनाही कळलं नाही. दुकानामागे प्लायवूडची एक फळी होती. फळीमागे तिचा कॉम्प्युटर. दिवसभर खऱ्या तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की खोट्या तारा ओढायच्या. शुभदा आत्या म्हणायची, “ह्या चेडवाक तारेशिवाय दुसरा काय दिसणाच नाय!” चारुताला ते कौतुक वाटायचं. आत्याला ते कौतुक म्हणून म्हणायचं नसायचं, एवढंच.

श्रावणातल्या एका दुपारी, ऊन-पावसाचा खेळ चाललेला असताना, एक उंच तरुण प्लास्टिकच्या पिशवीत मिक्सर घेऊन दुकानात शिरला. केसांवरून थेंब ओघळत होते. कपाळावर आलेली बट त्यानं मागे सारली आणि सभ्य मराठीत म्हणाला, “जरा बघता का? मिक्सर जळलाय.”

मोटारीत खुपसलेलं डोकं चारुतानं वरसुद्धा केलं नाही; हा आवाज ती माइकवर रोज ऐकत होती.

“पडवीत ठेवललास?”

मिक्सर त्याच्या हातून पडता पडता राहिला. मग ती मान वर करून बघायला लागली… आणि तो बघतच राहिला. तिच्या गालावर वार्निशचा तपकिरी डाग होता. त्यानं स्वतःच्या गालाला बोट लावून तिला खूण केली. ती पुसायला गेली तर डाग आणखी पसरला. दोघंही हसली. दारातल्या खुर्चीत सत्यवानांचा पेपर किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला.

“मिक्सर खरोच जळलो काय?” तिनं हळूच विचारलं.

“आज सकाळी जाळलंय,” तो त्याहून हळू म्हणाला.

यानंतर खेळात त्यांनी मोठं काम काढलं. सर्वेशनं आता खाडीपलीकडे नवं घर बांधलं होतं; चारुताच्या पवनचक्कीपासून तिथपर्यंत, खाडी ओलांडून, विजेची लाइन टाकायची.

“तांब्याची तार घालूया,” तो म्हणाला.

“घाल. तुझ्या दारात पोचासर वीज अर्धी गळान जायत. तार जितकी लांब, तितकी गळती जास्त.”

“मगे?”

“हयसून व्होल्टेज वाढवन सोडायचा. जाड केबल व्हयी. मोठ्या व्होल्टेजची वीज लांब जाता, गळता कमी. तुझ्याकडे ट्रान्सफॉर्मर बसवन खाली उतरवची, म्हणजे तुझी यंत्रा उडूची नाय.”

“म्हणजे लांब जावचा तर जोर व्हयो.”

“जोर व्हयो, आणि रबराचा वेष्टण. उघड्या तारेक हात लावशीत तर मरशीत.”

तो खेळात मेलाच. तिच्याच दाराशी, उघड्या तारेवर पाय पडून. पुन्हा जिवंत होऊन आला तेव्हा म्हणाला, “तुझ्या दारात येवचा म्हणजे मराणच गो…”

“मगे येव नको.”

“परत येतलंय. मरण्याची सवय लागता.”

चारुतानं माइक बंद केला. नुसती पडद्याकडे बघून एकटीच हसत बसली. आपण प्रेमात पडलोय हे तिला त्याच वेळी कळलं, आणि तिला त्याची भीती वगैरे काही वाटली नाही. लाइन पूर्ण झाली, खाडीपलीकडच्या त्याच्या घरात दिवे लागले, तेव्हा दोघंही बराच वेळ तो उजेड बघत राहिली.

आणि मग कुडाळहून स्थळ आलं.

मुलगा यज्ञेश, बँकेत नोकरीला. वाईट नव्हता बिचारा, चहाच्या कपाकडे बघत बसला होता. बोलत होती ती त्याची आई. “दुकान काय, हौस आहे तोवर ठीक. लग्नानंतर वडील कुणाला तरी चालवायला देतीलच ना?”

“मग मी काय करू?” चारुतानं विचारलं.

“घर असतं की, बाळा.”

“घर मलाही आहे. त्यात मोटारी बांधता येत नाहीत.” आणि तिला हसू आलं. नेहमीचं, मोठं. यज्ञेशच्या आईनं कप खाली ठेवला.

मंडळी गेली आणि घरात वादळ उठलं. आत्या म्हणाली, “चेडवान आवाज जरा खाली ठेवक व्हयो.” सत्यवान तर कधी नव्हे ते ओरडले, “ह्याच वर्षात तुझा लगीन, आणि दुकान मी दुसऱ्याक चालवूक देतलंय. तुझो हट्ट मीच वाढवन ठेवलंय!”

“बाबा, दुकान माझ्या हातातून काढलास तर माझा लगीन झाला काय आणि नाय झाला काय, सारख्याच,” ती म्हणाली आणि फळीमागे जाऊन बसली.

सर्वेशला तिनं सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल. तो मात्र शांतपणे, अगदी वर्गात समजावतात तसं बोलायला लागला. “मी येतंय तुझ्या बाबांका भेटूक. पण तू मधी बोला नको. जरा नमता घे. दुकानाचा नंतर बघूया. आपण ट्रान्सफॉर्मर लावतो ना… तसाच. थोडा खाली उतरवून घेवचा.”

चारुतानं माऊसवरचा हात काढला. आत्या म्हणाली तेव्हा लागलं नव्हतं. कुडाळची बाई म्हणाली तेव्हाही नाही. हे लागलं.

“कोणाक खाली उतरवचा, गुरुजी?” तिनं विचारलं. “माका?”

“तसा नाय गो…”

 ती खेळातल्या खाडीच्या काठावर गेली आणि स्वतः घातलेली केबल आपल्या बाजूनं तोडून टाकली. पलीकडचं घर काळोखात गेलं. चॅटमध्ये तिनं एवढंच लिहिलं: तुझ्या घराक सोसात असा व्होल्टेज माझ्याकडे नाय.

मग ती खूप रडली. रडतानाही तिनं आवाज खाली ठेवला नाही.

पुढचे काही दिवस तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. मोटारी बांधल्या, आत्याशी भांडली, सकाळी वडिलांच्या आधी जाऊन शटर वर केलं. सत्यवान दारातल्या खुर्चीत पेपर वाचत राहिले. फक्त एकदा, तिन्हीसांजेला, फळीकडे बघत म्हणाले, “आजकाल हय लयच शांत आसा.”

आता इथे सत्यवानांची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातला मानकरी पुरुष हात जोडून एकेक वाक्य देवापुढे मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याला सगळ्यांचा होकार मिळाला ते देवाच्या साक्षीनं ठरलं. या होकारात सत्यवानांचा आवाज अख्ख्या वाडीत मोठा. खुर्चीत डुलकी लागली असताना शेजारच्या घरात कुणी गाऱ्हाणं घातलं, तरी झोपेतून त्यांचं ‘व्हय म्हाराजा’ बरोबर जागच्या जागी पडायचं. चारुताचा मोठा आवाज आला कुठून, हे आत्यानं खरं तर भावालाच विचारायला हवं होतं.

एका सकाळी दुकानात काशीबाई बसल्या होत्या. माडाच्या बागेतल्या त्यांच्या पंपाची मोटार जळली होती. बाहेर पावसाची बारीक झड लागली होती, आणि त्या झडीतून सर्वेश आला. या वेळी हातात मिक्सर नव्हता. दाराशी सत्यवान होते, तरी तो सरळ चारुतासमोर जाऊन उभा राहिला.

“माका तुझी लाइन परत व्हयी.”

“ट्रान्सफॉर्मर आसा ना तुझ्याकडे? तेका ईचार.”

“काढून टाकलंय.”

चारुताचे हात थांबले.

“घरातली सगळी छोटी यंत्रा काढलंय,” तो म्हणाला. “मोठ्या व्होल्टेजची बसवलंय. तांब्याच्या तारा उपटून जाड केबल घातलंय. शिकताना घर परत परत उडाला. आता मधे कायच नाय. तू जशी सोडशीत तशी वीज सरळ माझ्या घरात येतली. आणि घर ती सोसतला.” त्यानं मान खाली घातली. “चुकलंय मी. तुका खाली उतरवक सांगितलंय. माझी तारच बारीक होती गो…”

चारुताला त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. त्याऐवजी तिनं हातातली पक्कड घट्ट धरून ठेवली.

सर्वेश सत्यवानांकडे वळला, आणि वळताच त्याची मालवणी पळाली. “काका, मी… म्हणजे आम्ही… चारुताच्या बाबतीत जरा विनंती…”

“थांब, गुरुजी,” चारुता म्हणाली. “माझा गाऱ्हाणा मीच घालतंय.”

“चेडवां खंय गाऱ्हाणा घालतत?” काशीबाई चकित झाल्या.

“आजपासून.”

ती उठली. भिंतीवर देवाची तसबीर होती, तिच्यासमोर वार्निशच्या हातांनीच तिनं हात जोडले. आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात सुरू झाली:

“बा देवा म्हाराजा! ह्या दुकान माझ्या बापाशीन घाम गाळून उभा केल्यान. तेची तुका याद आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काशीबाई सवयीनं म्हणाल्या.

“आता ता माझ्या हातान चालता. माझा लगीन झाला तरी ह्या शटर रोज सकाळी मीच वर करतलंय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काशीबाईंबरोबर सर्वेशचाही आवाज आला.

“माझो आवाज मोठो आसा. हसणा मोठा आसा. ता मी कोणासाठीच कमी करूचंय नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सर्वेश जवळजवळ ओरडलाच. रस्त्यावरची माणसं थांबायला लागली.

चारुतानं डोळे मिटले. पुढचं वाक्य म्हणताना पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा हलला.

“माझो ह्या गुरुजीवर जीव आसा. तेना माका आसय तशी घेवची, आणि माझ्या बापाशीन तेका गोड मानून घेवचो, अशी बुद्धी तू दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!”

दुकान दणाणलं. वरच्या पत्र्यावरचा पाऊससुद्धा क्षणभर ऐकू आला नाही. हा आवाज काशीबाईंचा नव्हता, सर्वेशचाही नव्हता. सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

सत्यवान खुर्चीत ताठ बसले होते. पेपर खाली पडला होता. तोंड अजून अर्धवट उघडं होतं, आणि त्या तोंडातून काय बाहेर पडलं ते त्यांनाच आत्ता कळत होतं.

“दिलास हां ‘व्हय’!” काशीबाईंनी टाळी वाजवली. “देवाफुडे दिलास. आता मागे घेवक येवचा नाय.”

चारुता वडिलांजवळ गेली, त्यांच्या पायाशी बसली. “बाबा,” ती म्हणाली, “सवयीन म्हटलास, तर माका सांगा. मी फसवन घेवचंय नाय. मी परत भांडतलंय, पण फसवूचंय नाय.”

सत्यवानांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गालावरचा वार्निशचा डाग अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला. तो पसरला.

“सवयीन तोंडात इला,” ते म्हणाले. “पण गाऱ्हाण्याक मी खोटो ‘व्हय’ कधी दिलंय नाय.” आणि चष्म्यावरून त्यांनी सर्वेशकडे नजर वळवली. बराच वेळ त्याला न्याहाळलं.

“काय रे झिला,” त्यांनी विचारलं, “पडवीत यंत्र ठेवणारो तो तूच मा?”

सर्वेशचं तोंड उघडंच राहिलं. “तुमका… कसा म्हायती?”

“फळी पातळ आसा,” सत्यवान म्हणाले. “आणि माझ्या चेडवाचो आवाज मोठो.”

चारुता हसली. नेहमीसारखी, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी.