दरवाजाचा ताबा

टेकडीवरच्या किल्ल्यात आता हॉटेल झालंय ना, तिथली ही गोष्ट. माझ्या शेजारच्या कुलूपवाल्याची. हसू नका, पोरांनो. त्यानं स्वतः सांगितलीय मला, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

आधी तिथं राजा होता. तो रातोरात पळाला. मग दुसऱ्या राजाचं सैन्य शिरलं. पुढं तुरुंग झाला, मग सरकारी कचेरी, मग एका गबर शेटजींचा बंगला. प्रत्येकानं आल्याबरोबर मोठ्या दरवाजाचं कुलूप तेवढं बदललं. आतल्या नोकरचाकरांचं काय झालं, कुणी विचारलं नाही. मालकांना भिंती हव्या असतात, माणसं नकोत.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी हॉटेलचं उद्घाटन, म्हणून कुलूपवाला एकटाच नवं कुलूप बसवत होता. तेही अर्ध्या मजुरीत. त्या बदल्यात त्याच्या जावयाला तिथं पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. जावई वर्षभर सासऱ्याच्याच घरी बसून, आणि मुलगी पोटुशी.

शेवटचा स्क्रू आवळला, तेवढ्यात आतल्या अंधारातून आवाज आला.

"ताबा घ्यायला आलात?"

एक म्हातारा. अनवाणी. हातात किल्ल्यांचा जुडगा.

"राजेसाहेब जाताना म्हणाले, नव्या धन्याच्या हातात किल्ल्या दे, मगच दरवाजा सोड. पण जो आला तो दार फोडून आला, नवं कुलूप घालून बसला. माझ्याकडं किल्ल्या कुणी मागितल्याच नाहीत हो."

कुलूपवाला दोन पावलं मागं सरकला. "मी... मी धनी नाही."

"मग कोण आहे?"

"कंपनी आहे."

"तिला बोलवा."

कंपनीला हात असतात का किल्ल्या घ्यायला?

म्हातारा पुढं आला. जुडगा पुढं केला. आणखी पुढं...

जीव वाचवायला कुलूपवाला बोलून गेला, "उद्यापासून माझा जावई आहे इथं पहाऱ्याला. त्याच्याकडं द्या."

म्हातारा थांबला.

"सुटलो," म्हणाला.

मग... कुणीच नाही.

कुलूपवाला धावत घरी आला. जावयाला उठवून म्हणाला, "उपाशी राहू, पण तिथं पाय ठेवायचा नाही." जावई चिडला, मुलगी रडली. शेवटी सासऱ्याचा चेहरा बघून त्यानं ऐकलं, आणि कूस बदलून झोपला. कुलूपवाला मात्र उंबऱ्यातच बसून राहिला. राजाला, शेटजीला, कंपनीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घालत. पहाटेपर्यंत त्याच्या अंगावरून कुणी आत गेलं नाही.

सकाळी जावयाची उजवी मूठ उघडेना. सासऱ्यानं एकेक बोट सोडवलं...

आत गंजलेल्या किल्ल्यांचा जुडगा होता. अजून कोमट.