अर्धं चोरलेलं गाणं

ईशानीचं लग्न शेवटी आइस्क्रीमच्या गाडीवाल्याशी झालं.

हे वाक्य कुणी लिहिलेलं नाही आणि तुम्हीही वाचलेलं नाही. तर, ईशानीला आइस्क्रीम मुळीच आवडत नसे.

ती लंडनजवळच्या पिनरमध्ये आजोबांबरोबर राहायची. दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून लोकांना त्यांच्या विम्याचे पैसे मिळणार नाहीत असं गोड भाषेत कळवायची, आणि संध्याकाळी खाली येऊन आजोबांना विचारायची, "चहा?" मुरलीधर आजोबांनी या प्रश्नाला आजवर नकार कळवलेला नव्हता. लीलावती आजी गेल्यापासून त्या घरात एवढंच संभाषण उरलं होतं. पुढच्या खोलीतली आजीची बाजाची पेटी आता कुरिअरचे खोके ठेवायच्या कामी येत होती.

जूनमधला एक शनिवार. बाहेर पाऊस होता, म्हणजे इथला पाऊस, जो पडतोय की नाही याबद्दल घरात दोन मतं असतात. तेवढ्यात रस्त्यावरून आइस्क्रीमच्या गाडीचे टिणटिण सूर आले. आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"ईशानी," ते शांतपणे म्हणाले, "आपलं गाणं चोरीला गेलं."

ईशानीने कान दिला. खरंच की. *दार उघडे ठेविले मी, ये घरी आ...* इथवर सूर आले आणि कुणी सुरी फिरवावी तसे तुटले.

हे गाणं म्हणजे त्या घराची एकमेव वडिलोपार्जित मालमत्ता. आजीच्या वडिलांनी मिरजेत ते स्वतः रचलं, स्वतःच चाल लावली, आणि मुलगी बघायला आलेल्या मुरलीधरपंतांसमोर लीलावतीकडून म्हणवून घेतलं. पंतांनी मुलीकडे पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं आणि होकार दिला, असं आजोबा सांगत. चष्मा घरी विसरला होता, असं आजी सांगे. पुढे पिनरच्या त्याच खोलीत ती दर सणाला गायची. मोठी माणसं कोचावर, पोरं गालिच्यावर, आणि पोरांवर पाहुण्यांचे कोट. त्या कोटांखाली ईशानी हे गाणं ऐकत कितीदा झोपली होती.

"जा, विचार त्याला," आजोबा म्हणाले. "नीट विचार हो. चोर असला तरी दमलेला असेल."

ईशानी सपातांवरच धावली. पण या देशात चोरीचा आरोप करायचा तरी रांगेत उभं राहावं लागतं. पुढे एक छोटी मुलगी होती आणि स्ट्रॉबेरी की चॉकलेट हा तिच्या आयुष्याचा प्रश्न होता. तो सुटेपर्यंत ईशानीच्या सपाता भिजल्या आणि राग बराचसा निवला.

"तुमच्या गाडीचं गाणं चोरीचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. मग सवयीने पुटपुटली, "परमेश्वरा, काय ही नामुष्की."

खिडकीतल्या तरुणाचा हात थांबला. बाहीवर रास्पबेरी सॉस, केसांत पावसाचे दोन थेंब... थेंब कशाला बघायचे, असं तिने स्वतःला बजावलं.

"मराठी?" त्याने विचारलं.

"दुर्दैवाने."

"मी पण. अनुप. स्लाऊ." जणू स्लाऊ हे गाव नसून त्याचं आडनाव होतं.

इथे दोघांच्या मराठीबद्दल सांगायला हवं. ईशानीचं मराठी आजोबांकडून आलेलं. आजोबांनी ते तरुणपणी इथे येताना बॅगेत आणलं, आणि त्यानंतर त्याला बाहेरची हवा लागली नाही. अनुपचं मराठी आईच्या रागावण्यातून आलेलं. त्यामुळे त्याला फक्त हुकूम देता येत.

"खा," त्याने एक कोन तिच्या हातात ठेवला. "गरम होईल."

"मी चौकशीला आले आहे."

"खाऊन चौकशी कर. आणि चोरीचं कसं? हे old English गाणं आहे. त्या लोकांच्या आज्या पार्लरमध्ये, म्हणजे पुढच्या खोलीत, पियानोवर म्हणायच्या. थांब. ऐक."

त्याने फोन पुढे केला. खरखरत्या ध्वनिमुद्रिकेवर कुणी बाई कुणा साहेबाची बागेच्या फाटकाशी वाट पाहत होती. सूर तोच, वळण तेच. आणि ध्वनिमुद्रिका मिरजेच्या पणजोबांच्या जन्माआधीची.

"म्हणजे... चोर..."

"तुझे पणजोबा," अनुप म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून घाबरला. "रडू नको. नाक पूस." त्याने कोनाबरोबर द्यायचे सगळे कागदी रुमाल तिच्यापुढे धरले.

ईशानी रडत नव्हती, हिशेब करत होती. आजोबांचा सगळा संसार त्या एका गाण्यावर उभा. तेच उसनं निघालं, तर त्यांच्यापाशी उरणार काय? खोके ठेवलेली पेटी.

"काय म्हणाला?" घरी आल्यावर आजोबांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे."

आणि चौकशी चालू राहिली. दर शनिवारी ईशानी खाली उतरायची, रांगेत उभी राहायची आणि न आवडणारं आइस्क्रीम खायची. अनुप आधी एका गोदामासाठी सॉफ्टवेअर लिहायचा. मग ते सॉफ्टवेअर इतकं चांगलं झालं की अनुपची गरज उरली नाही. ही गाडी त्याने नाराज होऊन घेतली होती. आता नाराजी आठवायला त्याला थोडा वेळ लागायचा.

"केस कापलेस," एका शनिवारी तो म्हणाला.

"हे विधान आहे की आज्ञा?"

"Compliment आहे. आई असं म्हणते तेव्हा compliment नसतो, पण माझा आहे."

"आपला अभिप्राय पावला. आभारी आहे."

"तू नेहमी पोस्ट ऑफिससारखी का बोलतेस?"

"तू नेहमी सासूसारखा का बोलतोस?"

रांगेतल्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी पाठ वळवली. तेवढं त्यांनाही कळलं.

मग ईशानीने मन घट्ट करून सांगितलं. "अनुप, ते गाणं बदल. एक दिवस कुणीतरी आजोबांना सांगेल की ते इंग्रजी आहे."

"गाडीच्या यंत्रात दुसरं एकच गाणं आहे. ते लागलं की कुत्री रडतात."

"मग... वाजवूच नकोस."

अनुप बराच वेळ काचेवरचे थेंब पुसत राहिला. काचेच्या आतून. थेंब बाहेर होते.

"ठीक," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी आइस्क्रीमची गाडी मुकाट्याने आली. आवाज न करणारी आइस्क्रीमची गाडी कुणी पाहिली आहे का? एखाद्या गोड स्वभावाच्या माणसाची अंत्ययात्रा जावी तशी ती गल्लीतून गेली. एकही पोर बाहेर आलं नाही. त्या दिवशी अनुपने एकच कोन विकला, ईशानीला, आणि त्याचेही पैसे घेतले नाहीत.

"जा," तो म्हणाला. "आजोबा वाट बघत असतील." आणि हसला. ते हसू इतकं अवघडलेलं होतं की ईशानीला त्या पांढऱ्या कोनाची प्रथमच चव लागली.

घरी आली तर दार सताड उघडं. आजोबा दारातच खुर्ची टाकून बसलेले, अंगात आजीने विणलेला स्वेटर, जो त्यांनी ती गेल्यापासून घातला नव्हता.

"आज गाडी नाही आली?"

"आली... म्हणजे, मीच त्याला गाणं बंद करायला सांगितलं."

आजोबा उठले. त्यांनी काठी घेतली नाही. सपाता घातल्या आणि थेट गाडीकडे निघाले. ईशानी मागे. आता कळणार, आता सगळं कोसळणार... तिला कोन कुठे टाकावा तेही सुचेना.

"अहो आजोबा," अनुप घाबरून म्हणाला, "बसा."

"बसतो कसला. गाणं बंद का केलंस?"

"चोरीचं म्हणून, आजोबा," ईशानी मध्ये पडली.

"अगं, चोरीचं तर ते आहेच. लीलाला शाळेतल्या मडमेने शिकवलं. सासऱ्यांनी त्यावर मराठी शब्द बसवले आणि चाल माझीच म्हणून ठोकून दिलं. लग्न झाल्यावर चार दिवसांत तिने मला सांगितलं. पोट धरून हसली होती."

ईशानीने कोन गाडीच्या खिडकीत ठेवला. "तुम्हाला... पहिल्यापासून माहीत होतं?"

"तुला सांगितलं नाही. तुझा पणजोबांवर फार जीव."

"मी तुमच्यापासून लपवत होते, आजोबा. इतके आठवडे."

"मग छान. दोघांनी मिळून एका मेलेल्या माणसाची अब्रू वाचवली." ते अनुपकडे वळले. "माझी तक्रार वेगळीच आहे. तू अर्धंच चोरलंस. चोरायचं तर पूर्ण चोर की. मी दर वेळी दार उघडून बसतो, आणि तू 'ये घरी आ' म्हणून पळून जातोस."

"नियम आहे, आजोबा. बारा सेकंदांच्या वर वाजवायचं नाही."

"वाजव."

अनुपला हुकूम कळत. त्याने इंजिन बंद केलं, आतली एक कळ दाबली आणि दाबूनच धरली. टिणटिण सूर निघाले, बारा सेकंदांपाशी आले आणि न थांबता पुढे गेले. आजोबा फाटक्या, भलत्याच पट्टीतल्या आवाजात गाऊ लागले:

*भात निवला, वात विझली, चांदणे आले घरी...*

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. समोरचे साहेब घड्याळ हातात धरून बाहेर आले आणि ओळ संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले की याची तक्रार करावी लागेल, आणि एक मोठा व्हॅनिला कोन घेतला.

ईशानीच्या छातीवरून एक मोठा खोका उतरला. ती हसायला लागली, आजीसारखी, पोट धरून. पाऊस पडत होता, याबद्दल आता दुमत नव्हतं. आजोबा स्वेटर सावरत घराकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, "पेटीवरचे खोके आज काढतो."

"मीही येते, आजोबा."

"थांब," अनुप म्हणाला.

ती थांबली.

"जाऊ नको." त्याने आणखी शब्द शोधले. आईने पुढचं शिकवलंच नव्हतं. "म्हणजे... हे ऑर्डर नाहीये. प्लीज आहे."

ईशानीने त्याच्या बाहीवरचा सॉस बोटाने पुसला. "आपली विनंती विचाराधीन आहे."

"उत्तर कधी?"

"तारेने कळवू," ती म्हणाली, आणि कुठेही गेली नाही.

साहेबांची तक्रार यथावकाश कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पोचली. तिला आजोबांनी दिलेलं उत्तर असं:

*माननीय कौन्सिल यांस. वाद्य वाजवणाऱ्या वाहनांचा बारा सेकंदांचा नियम आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. मात्र आमचे गाणे त्यात बसत नाही, आणि गाणे कापता येत नाही. वाहनचालक आता घरचाच होण्याच्या मार्गावर असल्याने त्याला दंड केल्यास तो आम्हीच भरू, व ते आम्हांस परवडणारे नाही. तरी नियमास धक्का न लावता, केवळ आमच्या गल्लीपुरता सेकंद थोडा लांब धरण्यात यावा, ही नम्र विनंती.*