हिरडीच्या रंगाचा समुद्र

"तुमच्याकडे सगळ्यात बारीक स्क्रू कुठला आहे?"

दुकानात पाऊल टाकायच्या आतच त्याने विचारलं. ती काउंटरमागे एका चष्म्याची निखळलेली काडी बसवत होती. मान वर न करताच म्हणाली, "चष्मा दाखवा."

"चष्मा नाहीये."

"मग स्क्रू कशाला?"

"बोटीला."

आता मात्र तिने मान वर केली. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता आणि दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. केसांवर पाण्याचे थेंब, नखांच्या कडांना पांढरं प्लॅस्टर आणि छातीशी घट्ट धरलेला बुटांचा खोका. अंगातला कोट काढून त्याने तो खोक्याला गुंडाळला होता आणि स्वतः मात्र चिंब भिजला होता. असा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर फार चांगला. यातला हा कुठला, ते ठरवायला तिला पुढे दोन महिने लागले.

त्याने खोका उघडला. आत वीतभर लांबीची, चपट्या तळाची, राखाडी बोट होती. सैनिकांना थेट किनाऱ्यावर उतरवणारं लँडिंग क्राफ्ट. खऱ्या बोटीपेक्षा बहात्तर पट लहान.

"हे पुढचं दार आहे ना, ते पाण्यात पाडायचं," तो सांगू लागला. बोलताना त्याचे कान हलके लाल होत होते. "दार पडलं की त्याचाच उतार होतो आणि सैनिक त्यावरून वाळूत उतरतात. गावच्या संग्रहालयासाठी करतोय. बोट, समुद्र, वाळू, बावीस सैनिक… सगळा देखावा एका काचेच्या पेटीत. पण या दाराच्या बिजागरीला स्क्रू मिळेना."

"आणि एरवी काय करता?"

"कवळ्या."

तिला हसू आवरेना. तोही हसला. "तुम्ही चष्मे, मी कवळ्या," तो म्हणाला. "गावातली सगळी म्हातारी माणसं आपल्या दोघांच्या भरवशावर आहेत, बघा."

एवढ्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आवाज आला, "दाराला साखळ्या कुणी लावल्या त्या?"

ते तिचे आजोबा. रोज सकाळी दुकानात येऊन बसायचे आणि भिंगाखाली वर्तमानपत्र धरून सगळ्या जगाच्या चुका काढायचे. आज त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं.

"साखळ्या नव्हत्या. तारेचे दोर होते. ते गुंडाळायचा रहाट माझ्याच हातात असायचा. हुकूम झाला की मी दार सोडायचो."

तो तरुण खोका तसाच टाकून आजोबांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "तुम्ही युद्धात अशा बोटीवर होतात? खरंच?"

झालं! त्या दिवशी दुकान बंद करायला उशीर झाला.

आजोबांचे गुडघे कुरकुरत, त्यामुळे त्याच्या कामाच्या जागेपर्यंत रोज चालत जाणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मग असं ठरलं, की आजोबांना जे आठवेल ते नातीने संध्याकाळी पाच वाजता त्याला जाऊन सांगायचं. ठरवलं कुणी, ते कुणालाच नीट आठवत नाही. खोटं कशाला बोला, तिनेच ठरवलं होतं.

त्याची कामाची जागा म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडेच जबडे, सगळे दात विचकून हसणारे. दिवसभर तो दात बसवायचा, घासायचा, रंग जुळवायचा आणि पाच वाजले की तीच हत्यारं पुसून बोटीला लावायचा. मेण कापायच्या सुरीने त्याने बोटीच्या फळ्यांवरचे खिळे कोरले होते. कवळीच्या प्लॅस्टरची वाळू केली होती. खिडकीतून तिरपं ऊन आलं की त्या वाळूवर खऱ्या किनाऱ्यासारख्या लाटांच्या खुणा दिसायच्या, आणि ती तिथे स्टुलावर बसून हनुवटी टेकवून नुसतं बघत राहायची. घड्याळाकडे लक्षच जायचं नाही.

सैनिकांचे डोळे रंगवायचं काम तिने मागून घेतलं. एकेक सैनिक बोटाच्या एका पेराएवढा. ती कपाळाला भिंग बांधायची, श्वास रोखायची आणि ब्रशच्या एका केसाने दोन ठिपके द्यायची.

"डोळे मी देते, दात तू दे," एकदा ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कुणाला कळलं नाही.

"एवढ्याशा माणसाला दात दिसत नाहीत."

"मग तुझा उपयोग काय?"

"मी…" तो थांबला, "मी तुझ्या हाताखाली सैनिक धरतो की."

धरायचा खरा. चिमट्याने धरून तिच्या डोळ्यांसमोर अगदी स्थिर. त्याचं लक्ष मात्र सैनिकाकडे नसायचं.

आजोबांच्या आठवणी पंधरा दिवसांत संपल्या. तिची पाचची फेरी काही संपली नाही. "आजोबा म्हणाले, वाळूत शिंपले हवेत." "आजोबा म्हणाले, बोटीच्या डाव्या अंगाला पोचा हवा." "आजोबा म्हणाले, शेवटच्या सैनिकाच्या टोपीचा पट्टा सैल पाहिजे." तो बापडा निमूटपणे सगळं करायचा.

एका संध्याकाळी टोपीचा तो पट्टा रंगवता रंगवता तो सहज म्हणाला, "आज दुपारी आजोबा आले होते. रिक्षाने. कवळी टोचत होती त्यांची."

तिचा ब्रश थांबला.

"मी त्यांना विचारलं पट्ट्याबद्दल. म्हणाले, कसला पट्टा? कुणाचा पट्टा?"

भिंतीवरचे झाडून सगळे जबडे आपल्याला हसताहेत असं तिला वाटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"वय झालं त्यांचं," ती कशीबशी म्हणाली. "विसरतात."

"हो ना." तो अजूनही पट्टाच रंगवत होता, पण गालात हसत होता. "उद्याही त्यांना काही आठवणार असेल ना?"

"…आठवेल."

"मग उद्या पाच वाजता."

त्या दिवशी ती घरी चालत गेली की तरंगत, ते तिलाच माहीत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते पत्र आलं. लांबच्या शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात दोन वर्षांचं शिक्षण. दुर्बिणींची, सूक्ष्मदर्शकांची भिंगं स्वतःच्या हाताने घासून बनवायची. वर्षापूर्वी तिने अर्ज केला होता आणि उत्तर येत नाही म्हणून तो नादच सोडला होता. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. बाबा पत्र हातात धरून सगळ्या शेजाऱ्यांकडे फिरून आले. ती हसली, सगळ्यांच्या पाया पडली, आणि चार दिवस पत्राला हात लावला नाही. तिला एवढंच हवं होतं, की हे ऐकल्यावर तिकडे जिन्याखाली जबड्यांत बसलेल्या त्या माणसाने एक शब्द बोलावा. 'जाऊ नकोस' म्हण, 'थांब' म्हण, काहीही म्हण. पण काहीच न बोलता सोडलंस, तर मी जन्मभर काय समजायचं?

त्याला हे सगळं सांगायला शुक्रवार उजाडला. त्या दिवशी समुद्र ओतायचा होता.

समुद्र रेझिनचा. दोन पातळ द्रव सारखे घ्यायचे, ढवळायचे, त्यात निळ्या-हिरव्या रंगाचे चार थेंब टाकायचे आणि ओतायचे. वीस मिनिटांत ते घट्ट होऊ लागतं, मग काही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संग्रहालयाची गाडी येणार होती.

तो ढवळू लागला. ती समोर बसली होती. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती आणि खोलीत ओल्या मातीचा आणि मेणाचा वास मिसळला होता.

"मला एक पत्र आलंय," ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कारखाना, शहर, दोन वर्षं, उद्याचा दिवस.

काठी कपात फिरत राहिली.

"छान," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ, गुळगुळीत. "खरंच छान. जायलाच हवं तू."

"उद्या उत्तर द्यायचंय."

"मग दे की. त्यात विचार कसला करायचा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मागोमाग डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने मान खाली घातली. खाली घातली, आणि कपात बघितलं.

"अरे…"

"काय?"

"तुझा समुद्र बघ."

त्याने बघितलं. कपातला समुद्र गुलाबी झाला होता. त्याच्या हातातली बाटली कवळीच्या हिरड्यांच्या रंगाची होती आणि चार नाही, चांगले दहा-बारा थेंब पडून गेले होते.

दोघं त्या कपाकडे बघत राहिली.

"दुसरं रेझिन नाहीये," तो पुटपुटला. "आणि दुकान सोमवारी उघडेल."

"पहाटे उतरले होते ना ते?" डोळे पुसून ती म्हणाली. "मग पहाट झाली म्हण आणि ओत."

"पहाटे… हे आजोबांनी सांगितलंय की तू?"

"हे खरंच आजोबांनी सांगितलंय. ओत लवकर!"

त्याने कप तिरका केला. तिने त्याच्या मनगटाला खालून आधार दिला. गुलाबी पाणी हळूहळू वाळूवर चढलं, शिंपल्यांना शिवलं, बोटीच्या कडेने फिरलं, अर्ध्या उघडलेल्या दाराखाली शिरलं. काय सुंदर दिसत होतं ते! सगळ्या जगात अजून कुणी उठलेलं नाही, आणि बावीस जण डोळे उघडे ठेवून वाट बघताहेत असं. समुद्र घट्ट झाला तरी तिचा हात त्याच्या मनगटाखालीच होता.

"हात कसा चुकला तुझा?" तिने हळूच विचारलं.

आता बोल. आता तरी बोल.

त्याने मनगट सोडवून घेतलं. "सवय," तो म्हणाला. "रोजची बाटली ना ती…"

"सवय!" ती उठली. "बरं."

आणि छत्री न उघडताच निघून गेली.

शनिवारी सकाळी तिने दोन ओळींचा होकार लिहिला, पाकीट चिकटवलं आणि पर्समध्ये टाकलं. संग्रहालयात ती जाणारच नव्हती. पण आजोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यांना एकट्याला कसं सोडणार?

काचेची पेटी मधल्या दालनात, खिडकीखाली ठेवली होती. आजोबा भिंग घेऊन वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन… बावीस मोजून झाल्यावर ते म्हणाले, "सगळे अजून आतच आहेत. बरं केलंत पोरांनो." आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

संग्रहालयाच्या बाई वही-पेन घेऊन उभ्या होत्या. "सगळं झकास आहे हो, पण समुद्र गुलाबी?"

"त्या दिवशी पाण्याचा रंग बघायला सवड कुणाला होती?" आजोबा म्हणाले. "असेलही गुलाबी."

"तसं नाही, मला पाटीवर माहिती लिहायचीय. हे मुद्दाम केलंय की चुकून?"

पेटीच्या पलीकडे तो उभा होता. कान लालबुंद. त्याने बाईंकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"चुकून," तो म्हणाला. "आठ वर्षं मी रंग मिसळतोय, बाई. एकदाही चुकीची बाटली उचलली नाही. काल ही म्हणाली, लांबच्या शहरातून बोलावणं आलंय. तोंडाने मी 'छान' म्हणालो. हाताला ते जमलं नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे काही पाटीवर मावायचं नाही," त्या म्हणाल्या आणि आजोबांना दंडाला धरून शेजारच्या दालनातल्या तोफा दाखवायला घेऊन गेल्या.

"मग काल का नाही बोललास?" तिचा आवाज चिरकला. "किती वाट बघितली मी!"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"असते!"

"म्हणून नाही बोललो." तो पेटीला वळसा घालून तिच्यापर्यंत आला. "भिंग डोळ्याला लावलंस की तू कशी दिसतेस, ते तुला माहीत नाही. मला माहितेय. ते मी माझ्यासाठी थांबवू? मला तुझ्यावर इतकं प्रेम आहे की… खूप आहे."

तिने पर्समधलं पाकीट घट्ट धरलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सकाळपासून डोक्यात घोळतंय. त्या शहरातल्या लोकांचे… दात पडतात का गं?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे… पडत असतील, तर कवळ्या तिथेही लागत असतील. आणि जिन्याखालची एखादी खोली काय, तिथेही मिळेलच."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू आणि रडू एकदमच आलं. तिने त्याचे दोन्ही हात धरले. नखांत अजून गुलाबी रंग होता.

"पडतात रे," ती म्हणाली. "चिक्कार पडतात!"