मधल्या रांगेच्या चार खुर्च्या

माझा दवाखाना जळगावला पिंप्राळ्यात होता, आणि दवाखान्यामागंच घर. रोगी बसायला दोन लाकडी बाकं होती. त्यातल्या एकाचा पाय कुजून ते एका लठ्ठ रोग्यासकट खाली बसलं, तेव्हा मंदा, माझी बायको, म्हणाली, "आता तरी नवीन काही घ्या. लोक हाड मोडून घ्यायला येत नाहीत तुमच्याकडे." ब्याण्णव सालचा मार्च होता. ऊन तापायला लागलं होतं.

धुळ्याचा बन्सीलाल भंगारचा मोठा व्यापारी. मधुमेहासाठी तो माझ्याकडे यायचा. बाकाची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, लाकूड कशाला? मुंबईला एक जंबो विमान मोडीत काढलं. त्याच्या खुर्च्या माझ्या गोडाऊनला पडल्यात. चार जोडलेल्या आहेत, एकदम नरम. तुम्हाला पाठवून देतो."

मी आधी विचारलं ते अपघाताचं. तो हसला. "अपघात कसला? म्हातारं झालं, विकलं. माणसं रिटायर होतात तसं."

टेम्पोतून खुर्च्या आल्या. चार खुर्च्यांची एकसंध रांग, निळ्या कापडावर नारिंगी पट्टे, प्रत्येक हातावर झाकणाची राखदाणी, प्रत्येकीला पट्टा. मिस्त्रीनं फरशीत बोल्ट ठोकून ती रांग बसवली. कुंदाबाई, माझी कंपाउंडर, रोज सकाळी त्या पुसायची आणि पट्ट्यांची टोकं नीट बैठकीवर ठेवायची. लोक खूश होते. लग्नाच्या बोलण्यांना आल्यासारखे जरा ताठ बसायचे.

सर्वांत खूश होते आबा, माझे वडील. फैजपूरला केळीचा मळा होता, तो चुलतभावाकडे सोपवून ते माझ्याकडे राहायला आले होते. माझा थोरला भाऊ जीवराम कॅनडात स्थायिक झालेला. आबांना एकदा त्याच्याकडे जायचं होतं. पण त्यांचं हृदय अशक्त, आणि इतक्या लांबच्या प्रवासाची मी परवानगी देत नव्हतो. जीवरामला मी फोनवर सगळं समजावलं होतं, त्यालाही पटलं होतं. आबांना पटलं नव्हतं. दुपारी दवाखाना बंद असताना ते कडेच्या खुर्चीवर जाऊन बसत.

"पलंगावर पडा ना, आबा," मी म्हणायचो.

"अथी गार वाटते रे मले," ते म्हणायचे.

आणि तिथं खरोखरच गार होतं. जळगावचा उन्हाळा सांगायला नको. भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. पण त्या खुर्च्यांच्या कापडावर हात ठेवला की माठाच्या बुडाशी ठेवल्यासारखं वाटायचं. मी मनाशी म्हटलं, फोम चांगला असेल.

एप्रिलमध्ये तक्रारी सुरू झाल्या. खोकल्यासाठी आलेला माणूस आत येऊन सांगायचा की कानाला दडे बसलेत. तपासलं तर कान स्वच्छ. गुडघ्यासाठी आलेल्या बाईच्या घोट्यांना सूज असायची. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडायचा. ओठ फुटलेले, नाक कोरडं. मी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगत होतो. उन्हाळ्यात असं होतंच.

मग धरणगावच्या ताईबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बोलायला फटकळ. त्यांचा नंबर येईपर्यंत फार वेळ गेला नव्हता. त्यांच्या आधीचा रोगी मी घसा बघून लगेच सोडला होता. त्या आत आल्या त्या भिंत धरून.

"कितला येळ बसाडं रे माले, डाक्टर!" त्या म्हणाल्या. "रात सरी गयी."

"रात्र कुठली, आजी? आत्ता तर आलात."

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "झोप लागनी. जाग उनी तं बाजूले खिडकी व्हती. खाल बठ्ठं पानीच पानी."

माझ्या दवाखान्याच्या त्या भिंतीला खिडकी नाही. मी ताईबाईंचा रक्तदाब घेतला. पाय सुजून चपलेचा पट्टा त्यांच्या कातडीत रुतला होता. सकाळी घातली तेव्हा ती सैल होती, असं त्यांची सून म्हणाली.

त्या दिवसापासून मी दारातून त्या खुर्च्यांकडे बघायला लागलो.

मेच्या सुरुवातीला मंदाचा भाऊ तोताराम सुट्टीवर आला. तो मुंबईच्या सहार विमानतळावर इंजिनीअर होता. अशी विमानं दुरुस्त करण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. खुर्च्या बघून तो लहान मुलासारखा हरखला.

"मधल्या रांगेच्या आहेत या," तो म्हणाला. "जंबोत एका ओळीत दहा माणसं बसतात, दाजी. डावीकडे तीन, मध्ये चार, उजवीकडे तीन, आणि दोन बोळ. या मधल्या चार. म्हणजे डी, ई, एफ, जी. इथनं खिडकी लांब पडते."

मी त्याला ताईबाईंचं सांगितलं नाही. आबाच मध्ये बोलले, "किती लांब जाते रे हे?"

"टाकी भरून बारा हजार किलोमीटरच्या आसपास, आबा. दीडशे टनांवर तेलच असतं पोटात. सगळं मिळून पावणेचारशे टन वजन हवेत उठतं."

"जीवरामच्या गावाले पोचते?"

"मध्ये एकदा उतरून. पोचतं."

आबा मान हलवत राहिले. तोताराम त्यांच्या शेजारी बसला आणि पाठ टेकली. थोड्या वेळानं त्याचं हसू गेलं. त्यानं तळहात खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला, जसा मी पोटावर ठेवतो.

"दाजी, इथं खाली कुठं मोटार आहे का? पाण्याची?"

"नाही."

"मेजर ग्लास आणा बरं एक. पाणी घालून."

औषध मापायचा काचेचा पेला मी अर्धा भरून आणला. त्यानं तो खुर्चीच्या हातावर ठेवला. पाण्याची पातळी मापाच्या रेघेशी जुळत नव्हती. पाठीकडच्या बाजूला पाणी बोटाच्या पेराएवढं वर चढलेलं होतं, आणि तसंच स्थिर होतं. मी पेला उचलून टेबलावर ठेवला. पाणी सरळ झालं. परत खुर्चीवर ठेवला. पुन्हा तिरकं.

मिस्त्रीची लेव्हलपट्टी घरात होती. ती खुर्चीच्या हातावर ठेवली, फरशीवर ठेवली. फरशी सपाट होती. पट्टी खुर्चीवर ठेवली की मात्र तिच्यातला बुडबुडा पुढे पळत होता.

तोताराम उठला. रुमालानं हात पुसत म्हणाला, "उडताना जंबोचं नाक किंचित वर असतं. फरशीला चढ असतो. विमानातल्या बाया ढकलगाडी घेऊन पुढे जातात तेव्हा त्यांना दम लागतो."

रात्रीच्या गाडीऐवजी तो दुपारच्याच गाडीनं परत निघाला. स्टेशनवर मी त्याला विचारलं, "समज, मी वेडा आहे. पण हे असंच चालू राहिलं, तर कुठवर जाणार?"

"टाकी संपेपर्यंत," तो म्हणाला. "त्यापुढं कुणालाच जाता येत नाही. उतरावंच लागतं." गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडला, "आबांना तिथं बसू देऊ नका!"

मी बन्सीलालला निरोप पाठवला की खुर्च्या घेऊन जा. त्याचा टेम्पो नाशिककडे गेला होता. दोन-चार दिवसांत येतो, म्हणाला. मी त्या रांगेवर चादर टाकली आणि रोग्यांना ओट्यावर बसवलं. आबांना सांगितलं की स्प्रिंग तुटलीय, कपडे फाटतील. त्यांनी ते मानलं. जेवण मात्र कमी झालं. मंदा मला म्हणाली, "तेवढाच त्यांचा विरंगुळा होता."

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेलेली होती. मी आत पडलो होतो. कुंदाबाई धावत आली. ती सहसा धावत नाही.

"डॉक्टर, आबा तिथं बसलेत. हाक मारते, पण त्यांना ऐकूच येत नाही."

दवाखान्याचं दार उघडलं आणि माझ्या कानाला दडे बसले. विहिरीत उतरल्यासारखे. कूलर चालू असावा तशी घरघर येत होती. कूलर बंद होता. वीजच नव्हती.

चादर खाली पडलेली होती. आबा कडेच्या खुर्चीवर पट्टा लावून बसले होते. उरलेल्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्या तिन्ही खुर्च्यांचे पट्टेही लावलेले होते. रिकाम्या जागेवर सैल पडलेले नव्हते. कुणाच्या तरी पोटावर आवळलेले असावेत तसे उचललेले, ताणलेले होते.

कुंदाबाईनं माझा दंड धरला.

मेजर ग्लास चादरीखाली खुर्चीच्या हातावर तसाच राहून गेला होता. त्यातलं पाणी आता पुढच्या बाजूला चढलं होतं.

"आबा," मी म्हणालो. "उठा."

"बस खाली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उतरायची वेळ झाली. उभं राहू नये." त्यांचे ओठ निळे पडले होते. चेहरा मात्र प्रसन्न होता. इतका प्रसन्न मी त्यांना आईच्या मृत्यूनंतर पाहिलेला नव्हता. "दिवे दिसून राह्यले, भाऊ. लई दिवे. जीवराम आला असंन घ्यायले."

मी त्यांची नाडी धरली. मध्येच ठोका चुकत होता, मग दोन एकदम. पट्ट्याचं कुलूप उघडेना. धातू इतका गार होता की बोटं चिकटली.

"कात्री," मी कुंदाबाईला म्हणालो. "प्लास्टरची."

"मले उतरू दे रे," आबा म्हणाले.

मी कात्री घातली. पट्टा जाड होता. घरघर वाढत गेली. माझ्या पोटात खड्डा पडला, झोका खाली येताना पडतो तसा.

पट्टा तुटला.

मी आबांना दोन्ही काखांत धरून ओढलं. आम्ही तिघं फरशीवर पडलो.

त्याच क्षणी खालून धक्का बसला.

एकच. जड, रुंद, सगळ्या फरशीला. मग काही वेळ सगळं पुढे ओढलं जात होतं. माझे तळवे फरशीवर घासत गेले. कपाटात काच वाजत राहिली.

मग शांत झालं. बाहेर उसाच्या गुऱ्हाळाची घंटा ऐकू आली. दवाखान्यात नेहमीसारखं उकडत होतं.

तिन्ही पट्टे सुटून बैठकीवर पडलेले होते. कपाटातल्या झाडून साऱ्या बाटल्या पुढे सरकून काचेला टेकल्या होत्या.

कुंदाबाई हळूच म्हणाली, "टेकलं का ते?"

मी आबांची नाडी पुन्हा धरली.

आबांना मी सिव्हिलमध्ये नेलं. हृदयाचा झटका नव्हता. चार दिवसांनी घरी आणलं. तोपर्यंत बन्सीलालची माणसं खुर्च्या उचलून घेऊन गेली होती. त्यांना त्या उचलताना काहीच वेगळं वाटलं नाही. हलक्या आहेत, एवढंच म्हणाले. मी बोल्टची भोकं सिमेंटनं बुजवली आणि साधी लोखंडी बाकं आणली. कुणाच्या कानाला दडे बसले नाहीत, कुणाचे पाय सुजले नाहीत. तोतारामला मी फोनवर सांगितलं की सगळं मिटलं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

आबांची खाट आम्ही घराच्या पुढच्या खोलीत, दाराशी टाकली होती. वारा लागावा म्हणून. ते फारसं बोलत नसत. माझ्यावर रागावले असतील, असं मला वाटे. जीवरामचा फोन आला तर ऐकून घेत, "बरं, बरं" म्हणत.

एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आलो. आबा खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. मला बघून त्यांनी पाय बाजूला घेतले. मी आत आलो. त्यांनी पाय परत सोडले, आणि लगेच पुन्हा बाजूला घेतले. पुन्हा सोडले. पुन्हा घेतले. दरवेळी मान जराशी लववून, अनोळखी माणसाला वाट देताना लववतात तशी.

"आबा, काय करताय?"

"लोकं उतरून राह्यले," ते म्हणाले. "लांबून आले बिचारे. जाऊ दे त्यायले."

दारात कुणी नव्हतं. दाराबाहेर गल्लीत ऊन उतरलं होतं, समोरच्या घरची प्रमिलाबाई सडा टाकत होती.

"कुठं जाताहेत?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

त्यांनी हनुवटीनं घराच्या आतल्या बाजूला दाखवलं, आणि पुन्हा पाय बाजूला घेतले.

मी स्वयंपाकघरात गेलो. मंदा जमिनीवर बसून कणीक मळत होती. लग्नकार्याला लागते ती मोठी परात तिनं माळ्यावरून काढली होती. पिठाचा डबा शेजारी आडवा पडला होता, रिकामा. घरात आम्ही तीनच माणसं.

तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला, आणि वर न बघताच विचारलं,

"अजून किती जण यायचेत हो?"