मापाचा दोरा

रोहिणीचा माग आणायला म्हणून अनिता भवानीनगरहून टेम्पो घेऊन कोऱ्हाळे बुद्रुकला गेली, तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. माग तो कसला, टेबलावर मावेल एवढा. त्यावर रोहिणी रेशमी सुतात चांदीचे मणी गुंफून गळपट्टे विणायची. दोघी एकाच बाईंकडं शिकलेल्या. अनिताचाही त्या कामावर भारी जीव; सूत हातात आलं की तिला तहानभूक आठवायची नाही. पण लोक नावाजायचे ते रोहिणीला. "हात असावा तर रोहिणीचा!" ऐकून ऐकून अनिताचे कान किटले होते. आणि आता तापाचं निमित्त होऊन रोहिणीच गेली. अनिता रडली हो, खोटं कशाला बोला. पण आतून तिला सुटल्यासारखंही वाटलं.

मागावर एक गळपट्टा अर्धाच राहिला होता. शेजारी खुंटीला लाल दोरा लोंबत होता. विणायला घेण्याआधी घालणारीच्या गळ्याभोवती दोरा धरून गाठ मारतात, तेच माप.

"ह्यो पट्टा तिनं सोतासाठी घेतला हुता," रोहिणीची सासू ठमाबाई म्हणाली. "तिच्याच मापानं पुरा कर आन् दोऱ्यासकट मला आणून दे. नदीला सोडते. मग तुजं काम लाव. गेलेल्या माणसाच्या सुतावर आपलं माप धरू न्हाय, पोरी."

"व्हय मावशी," अनिता म्हणाली.

घरी येऊन तिनं तो दोरा स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला. दोन बोटं कमी पडला. "मेलीचा गळासुद्धा बारीक!" म्हणत तिनं तो गॅसवर धरून जाळला आणि पांढऱ्या दोऱ्यानं आपलं माप घेऊन खुंटीला लावलं. बारामतीच्या प्रदर्शनात हा गळपट्टा आपला म्हणून मिरवायचा. कोण बघायला येतंय?

दिवेलागणीला वीज गेली. नवरा कारखान्यात पाळीवर होता. मळीचा आंबूस वास घरभर पसरलेला. अनिता भाकरीचं पीठ मळत होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. खट... खट...

मोबाईलचा उजेड धरून ती गेली. माग गप्प होता. पण खोलीत लवंगेचा वास दाटला होता. रोहिणी विणताना तोंडात लवंग धरायची. आणि गळपट्टा वाढला होता. मणी असे बसलेले, की जणू सुतातच उगवलेत.

भीतीनं अनिता दाराकडं सरकली. तरी भीतीच्या वर चढला तो जळफळाट. मेल्यावरसुद्धा हिचाच हात सरस! तशीच उठून कोऱ्हाळ्याला जायला हवं होतं तिनं. पण नाही. तिनं खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"विण बाई... विण," ती फटीतून पुटपुटली. "नाव माजंच हुईल."

प्रदर्शनात तो पुरा झालेला गळपट्टा तिनं गळ्यातच घातला. बायकांची ही झुंबड! प्रदर्शन भरवणारी मनिषा जवळ येऊन निरखू लागली.

"अगं बाई, काय देखणं काम! हात कुणाचा गं?"

"माजाच की!"

गळपट्टा जरासा आवळला. घामानं असेल, असं म्हणून तिनं बोट घालून सैल केला.

"खरंच तुझा?"

"माजाच..."

पुन्हा आवळला. कुणी विचारावं, हिनं "माजाच" म्हणावं आणि त्यानं आवळावं, असं होता होता बक्षीस घेताना तिच्या तोंडून शब्दच फुटेना. खाणाखुणा करून ती घरी पळाली आणि दारातच गळपट्टा ओरबाडून काढला. श्वास आला. देवा!

आतल्या खोलीत खुंटीवर पांढरा दोरा नव्हता. तिथं लाल दोरा लोंबत होता. गाठीसकट, कुठं काळा डागही नाही. तिनं तो गळ्याभोवती धरला. दोन बोटं कमी पडणारा दोरा आता अगदी नेमका बसला.

तिला काही सुचेना. तिनं ठमाबाईला फोन लावला. "मावशी... चुकले मी. मी अनिता बोलतीय..."

पलीकडं म्हातारीला हुंदका फुटला.

"रोहिणी...? पोरी, कुठनं बोलतीस गं तू?"